कास्दीच्या परसातलं कोर्ट

"जास्वंदापासनं दोन हात लांब म्हनला हुता तुमी. हे काय दोन हात हायत?"

"हायत की."

"कुनाचं? रांगत्या पोराचं?"

सुरात्मी कमरेवर हात ठेवून जास्वंदाच्या झुडपाशी उभी होती. कास्दीनं खुंटी खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि कोपरापासून बोटांच्या शेंड्यापर्यंत आपला हात जमिनीला टेकवून दोनदा मापला.

"चार बोटं कमी भरत्यात," तो म्हणाला.

"मंग?"

"सरकवतो."

"सरकवा. आन् कांग, तुमी तिकडं दात काढू नगासा. दोरी तुमच्याबी हातात हाय."

कांग म्हणजे मी. माझं नाव रास्मान, पण कास्दीपेक्षा मी चार उन्हाळे जास्त बघितलेत, म्हणून नवरा-बायको दोघंही मला कांग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात. अठरा वर्षं मी त्याच्याबरोबर काम करतोय. तो मापं घेतो, मी दोरीचं दुसरं टोक धरतो. एवढ्यावर माझं पोट भरतं आणि मला त्याची लाज नाही.

कास्दीनं खुंटी सरकवली, दगडानं ठोकली. सुरात्मीनं वाकून स्वतःच्या हातानं पुन्हा माप घेतलं. तिचा हात त्याच्यापेक्षा आखूड, त्यामुळं दोन हात भरून वर दोन बोटं उरली. मग ती भाताची टोपली पाठीवर बांधून बाजाराला गेली.

बॅडमिंटनचं कोर्ट घराच्या परसात घालून देणं हा कास्दीचा धंदा. मूळचा तो गवंडी. आमच्या देशाची पोरं परदेशातनं पदकं घेऊन यायला लागली, तसं इकडं समुद्रापासून स्लामेत डोंगराच्या पायथ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या मनात आलं, की आपल्याही दारात कोर्ट पाहिजे. ज्याच्याकडं ऐपत त्यानं सिमेंटचा कोबा घातला. नसेल त्यानं माती चोपून घेतली आणि रेषांच्या जागी बांबूच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या. कास्दी दोन्ही करायचा आणि दोन्हीला सारखाच जीव लावायचा. नळीत पाणी भरून पातळी बघायचा. कोबा लवकर वाळून तडकू नये म्हणून त्यावर भाताचा ओला पेंढा पसरून उशाशी झोपायचा.

एका गोष्टीत मात्र तो कुणाचं ऐकत नसे. कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिणच पाहिजे. उगवती-मावळतीकडं तोंड करून खेळलं की सूर्य डोळ्यात जातो, वरनं येणारं शटलचं फूल दिसत नाही. भातगिरणीच्या मालकानं एकदा आडवं कोर्ट मागितलं, कारण उभं घ्यायचं तर आंब्याचं झाड तोडावं लागत होतं. कास्दीनं दोरी गुंडाळली आणि घरी निघून आला. तीन दिवसांनी मालकानं आंबा तोडला. तेव्हापासून पंचक्रोशीत त्याचं नाव पडलं, होकायंत्र. "होकायंत्र हाय का घरी?" म्हणून लोक विचारत यायचे.

अशी सत्तरेक कोर्टं त्यानं लोकांच्या परसात घातली. स्वतःच्या परसात नाही.

थोरला मुलगा हांडोको खेळायचा. बरा खेळायचा, फार भारी नाही. पण वेड होतं. बापानं घातलेल्या कोर्टांवरच तो जायचा आणि तिथल्या पोरांची पाळी आली की हाकलला जायचा. "पाक, आपल्यात कधी?" तो बापाला विचारायचा. "येत्या उन्हाळ्यात." उन्हाळा आला की कुणाचं तरी काम निघायचं. पावसाळ्यात कोबा बसत नाही. असे आठ-नऊ उन्हाळे गेले. एकोणिसाव्या वर्षी पोरगं परदेशी मासेमारीच्या बोटीवर गेलं. आमच्याकडची निम्मी पोरं जातात. दुसऱ्या वर्षी फोन आला. ताप होता, सहा दिवसांत आटोपलं, किनारा लांब होता, देह समुद्राला दिला. तीन महिन्यांनी एक पिशवी आली. तीत दोन सदरे, दाढीचं सामान आणि कुणा दुसऱ्याच्या मापाचे बूट.

फोन आला त्या दिवसापासून सात दिवस गाव जमलं होतं, प्रार्थना झाल्या, लोक भात खाऊन गेले. मशिदीचा मोदीन म्हणाला, देह नसला तरी प्रार्थना पोचते. सुरात्मीनं मान हलवली. सातव्या दिवशी लोक उठून गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "त्याची वार कुटं पुरली?"

आमच्यात वार पुरायचं काम बापाचं. बाळंतीण आत पडलेली असते, तिला काही दिसत नाही. बाप वार धुतो, मडक्यात ठेवतो, त्यात सुई, मीठ, पेन्सिलीचा तुकडा टाकतो, तोंड बांधतो आणि दाराच्या बाजूला पुरतो. वर पालथी टोपली आणि पस्तीस दिवस दिवा, बाळंतीण तोवर उंबऱ्याबाहेर येत नाही. वार म्हणजे पोराचं धाकटं भावंड. थोरलं जगभर हिंडतं, धाकटं दाराशी राखण करत बसतं, असं म्हातारी माणसं सांगतात. सुरात्मीचा हिशेब सरळ होता. समुद्रात गेलं ते गेलं, पण पोराचा एवढा तुकडा तरी मातीत आहे.

अडचण अशी, की घर फिरलं होतं. हांडोको जन्मला तेव्हा दार आज जिथं परस आहे त्या अंगाला होतं. पुढं पक्का रस्ता पलीकडनं गेला. कास्दीनं भिंत पाडली, दार रस्त्याकडं घेतलं, आणि जुनं अंगण मागं पडून परस झालं. निंगरुम, धाकटी, त्याच्यानंतरची, तिची जागा नव्या दारापाशी सगळ्यांना ठाऊक. हांडोकोची फक्त कास्दीला.

कास्दीनं हात उचलून जास्वंदाकडं दाखवलं. "तितं. बुंद्यापाशी."

त्या दिवसापासून ते झुडूप सुरात्मीचं झालं. आमच्याकडं आठवड्याच्या वाराला पाच दिवसांच्या बाजारचक्रातल्या एका दिवसाची जोड असते, त्यामुळं माणसाचा जन्मवार पस्तीस दिवसांनी फिरून येतो. हांडोकोचा मंगळवार-पाहिंग. त्या मंगळवारी ती जास्वंदाच्या बुंध्याशी फुलं ठेवायची, सोयाबीनचं तळलेलं टेंपे ठेवायची, आणि कॉफीचा पेला तिथं ओतायची. आणि आता हजारावा दिवस जवळ आला होता. हजाराव्या दिवशी आम्ही थडग्यावर कायमचा दगड बसवतो. मोदीन म्हणाला, थडगं नाही तिथं दगड कसला? सुरात्मी म्हणाली, "मंग थडग्याचा नगा म्हनू. माझ्या परसातला दगड म्हना." दगड घडवून आणला होता. नाव कोरलेलं, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकवलेला. दोन महिने राहिले होते.

त्या आधी कोर्ट पुरं करायचं असं कास्दीनं काढलं. निंगरुम तेरा वर्षांची, शाळेकडनं खेळायची. म्हणायला तिच्यासाठी. सुरात्मीनं एकच अट घातली, जास्वंदाला हात लावायचा नाही. परस जवळजवळ चौकोनी, पण ईशान्येला विहिरीनं बरीच जागा खाल्लेली. पश्चिमेच्या अंगाला उभं कोर्ट घेतलं तर जास्वंद दक्षिणेच्या टोकाला रेषेबाहेर राहत होता. चार बोटांचा काय तो वाद, तोही मिटला.

तिसऱ्या दिवशी वायव्येचा कोपरा खणत होतो. वीतभर माती काढायची, नदीचे गोटे भरायचे, मग वाळू. सुरात्मी बाजारात, निंगरुम शाळेत. कास्दीचं फावडं कशावर तरी लागलं. दगडाचा आवाज नव्हता तो. पोकळ आवाज.

तो थांबला. हातानं माती बाजूला केली. मडक्याचा काठ फुटला होता, फावड्यानंच.

"काय हाय रं?" मी विचारलं.

तो मागं सरकून बसला. "कांग, तुमी बगा. दोरी हाय का त्याला?"

मी बघितलं. तोंडावरचं फडकं कधीच मातीत मिळालं होतं, पण काठाभोवती दोरीचे चार वेढे जसेच्या तसे होते. नायलॉनची दोरी. ती सडत नाही.

"हाय. निळी."

"मंग हांडोकोचंच हाय ते."

मी जास्वंदाकडं बघितलं. अठरा-वीस पावलं लांब. मग कास्दीकडं बघितलं. त्यानं हात मांडीला पुसले, पुन्हा पुसले.

"मला ठावंच न्हवतं कांग. भिंत पाडली, दार गेलं, खूनच राहिली न्हाई. तिनं इचारलं तवा सात दिस ती जेवली न्हवती. 'ठावं न्हाई' म्हनायला तोंड उघडलं, आन् समोर जास्वंद दिसला."

"आन् ही दोरी कसली?"

"जाळीची. त्या आठवड्यात शाळंतल्या कोर्टाला जाळी बांधली हुती, उरलेला तुकडा खिशात हुता. घरात पांढरा दोरा घावना आन् सुईण वरडत हुती. बांधली. सुईण बगून म्हनली, ह्ये काय बांदलंस? वारंला जे बांदशील त्येच्यामागं पोरगं जातं. मी हसलो. म्हनलो, जाऊ दे की, खेळाडू हुईल."

हांडोको बोटीवर जाळीच ओढायचा.

मी म्हणालो ते सांगतो, लपवत नाही. म्हणालो, "बुजव. चार घमेली माती टाक, वर गोटे, वर कोबा. बघितलंय कुनी? मी मेल्यावरबी सांगायचो न्हाई." आजही मला तसंच वाटतं. बाईला एक जागा मिळाली होती, तिच्यावर तिचं मन बसलं होतं. जमिनीखाली काय आहे ते जमिनीला ठाऊक.

कास्दी म्हणाला, "आन् दगड? दगड तिकडं जास्वंदाशी बसवू? मोदीन तितं बसून वाचनार, गाव तितं दुवा मागनार, आन् हिकडं ह्येच्यावर मी कोबा घोटनार. पोरगी वर उड्या मारनार."

"मंग काय करतोस?"

"ती येऊ दे."

आम्ही बसून राहिलो. अठरा वर्षांत उन्हं चढलेली असताना फावडं टाकून बसलेला कास्दी मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यानं एकदा सिगारेट काढली, काडी ओढली नाही, परत ठेवली.

सुरात्मी आली ती घराला वळसा घालून थेट परसातच. आम्हांला बसलेलं बघून म्हणाली, "काय, दोघांस्नी एकदमच म्हातारपन आलं का? का माझी वाट बगत हुता, मागं उभं राहून हाकायला?"

"हिकडं ये जरा," कास्दी म्हणाला.

ती आली. त्यानं चार-पाच वाक्यांत सांगितलं. घर फिरलं, खूण गेली, जास्वंद मी उगाच दाखवला, वार ही इथं आहे. सांगताना तो मडक्याकडं बघत होता आणि तीही मडक्याकडंच बघत होती. पाठीवरची टोपली तिनं सोडली नव्हती.

"अडीच वरसं," ती म्हणाली, "जास्वंदाला कॉफी पाजली मी. तरीच मेलं एवडं माजलंय."

मला हसू आलं असतं. नशीब, आलं नाही.

"सुरात्मी..."

"साखर किती घालायची ठावं हाय? तीन चमचं. त्याला तीन लागायची. झाडाला."

मग ती खाली बसली. फुटलेल्या काठाला बोट लावलं आणि बोट दोरीवर थांबलं.

"ही कसली दोरी?"

मी कास्दीला डोळ्यानं खुणावलं, की एवढं तरी राहू दे. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. तेही सांगून टाकलं, सुईण काय म्हणाली तेसुद्धा. आणि मग, कुणी काही न विचारताच, म्हणाला, "ती खेळाची जाळी हुती. माशाची न्हवं."

"वारंला काय कळतंय," सुरात्मी म्हणाली, "जाळी खेळाची का माशाची."

रागानं नाही म्हणाली. तांदळात खडा दिसला की बाजूच्याला दाखवतात, तेवढ्याच आवाजात म्हणाली. मी पुष्कळ माणसांना पुष्कळ काही ऐकवलेलं ऐकलंय, माझ्या बायकोची जीभ काही साधी नव्हती. पण एखादं वाक्य माणसाच्या अंगात शिरताना डोळ्यांना दिसावं, तसं तेव्हाच दिसलं. कास्दीचे खांदे हलले नाहीत, काही नाही. नुसता त्याचा चेहरा सपाट झाला.

सुरात्मी नखांनी गाठ सोडायला लागली. गवंड्याची गाठ ती, वर चोवीस वर्षं माती खाल्लेली. फार वेळ लागला. विळा बाजूलाच पडला होता, पण तो तिला देण्याचं धाडस आम्हां दोघांनाही झालं नाही. एका नखातनं रक्त आलं, ते तिनं लुगड्याला पुसलं. शेवटी दोरी सुटली. ती मुठीत घेऊन उठली.

"तोंड बांदू नगा आता," एवढंच म्हणून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं चुलीतनं जळक्या नायलॉनचा वास आला. नाकाला झोंबणारा. त्या दुपारी त्या घरातनं दुसरा कसलाच वास आला नाही.

वार एकदा पुरली की हलवत नाहीत. कास्दीनं फुटका काठ परत जागेवर बसवला, मुठीमुठीनं माती घातली आणि वर टोपली पालथी ठेवली. मी मापाची दोरी गुंडाळून घरी गेलो.

मला वाटलं, संपलं कोर्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं गेलो, तर परसात कोयत्याचा आवाज. सुरात्मी जास्वंद तोडत होती. फांद्या संपवून बुंध्यावर आली होती. कास्दी बाजूला उभा.

"मी तोडतो," तो म्हणत होता.

"नगं."

"मुळी खोल हायत."

"असू द्यात. पानी मीच घातलंय."

तिनं रात्रीतनं सगळं जुळवलं होतं. जन्मभर गवंड्याबरोबर काढलेल्या बाईला माप कळतं. वायव्येचा कोपरा सोडायचा, ईशान्येला विहीर, मग कोर्ट उभं बसत नाही. आडवं घेऊन दक्षिणेकडं सरकवलं तर बसतं, पण मग जास्वंद रेषेच्या आत येतो.

"आडवं म्हंजे उगवती-मावळती," कास्दी म्हणाला. "सांजच्याला ऊन डोळ्यात जाईल."

"जाऊ दे."

"फूल दिसायचं न्हाई पोरीला."

"मंग डोळं बारीक करून खेळंल. निंगरुमचे पाक, खुंट्या काढा तिकडल्या."

आमच्याकडं पहिलं पोर झालं की बायको नवऱ्याला त्या पोराच्या नावानं हाक मारते. चोवीस वर्षं ती त्याला 'हांडोकोचे पाक' म्हणत होती. पोरगं गेल्यावरही तेच म्हणत होती. मला वाटलं, तिच्या तोंडातनं चुकून गेलं. चुकून नव्हतं. त्याच सकाळी आणखी दोनदा म्हणाली, पुढंही तेच राहिलं. कास्दीनं पहिल्या हाकेला एक क्षण मान वर केली आणि खुंट्या काढायला गेला.

निंगरुम दप्तर घेऊन बाहेर आली. दोरी आडवी पडलेली बघून म्हणाली, "पाक, समद्या गावाला उत्तर-दक्षिण, आन् मला असलं?"

"तुझ्या दादाची जागा हाय तिकडं," सुरात्मी म्हणाली.

"दादाची? ती हितं जास्वंदा..." जास्वंद नव्हता. पोरीनं उपटलेल्या मुळ्या बघितल्या, कोपऱ्यातली पालथी टोपली बघितली, मग आईकडं आणि बापाकडं. तेरा वर्षांची असली तरी तिनं काही विचारलं नाही. शाळेला गेली.

बाकी गाव मात्र विचारणारच. दुसऱ्याच दिवशी भातगिरणीचा मालक कुंपणाशी सायकल थांबवून उभा. त्याला आंबा आठवत असणार, मलाही आठवत होता.

"का रं होकायंत्र, काटा गंजला का? का दुसऱ्याच्या परसातच उत्तर दिशा दिसती?"

"जागा तशी हाय," कास्दी म्हणाला.

"माझीबी तशीच हुती की."

"हुती."

मालक अजून काही तरी ऐकायला मिळेल म्हणून थांबला. काही मिळेना, तेव्हा पायडल मारून गेला. जाताना कोपऱ्यातल्या टोपलीकडं त्याचं लक्ष गेलं असावं, कारण वळणावर त्यानं एकदा मागं बघितलं.

गोटे भरून झाले, वाळू पसरली. सुरात्मी बाजाराला जाताना येताना कोपऱ्यापाशी थांबत नव्हती. पुढचा मंगळवार-पाहिंग आला. मी मुद्दाम बघितलं. फुलं नाहीत, कॉफी नाही. तिनं कॉफी केली, पण पेला स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला आणि संध्याकाळी तशीच मोरीत ओतली. कास्दीनंही ते बघितलं. दगड पोत्यात गुंडाळलेला भिंतीशी होता तसाच होता. तो कुठं बसणार, बसणार का नाही, हे त्यानं तिला विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "कांग, तुमचं ऐकाया पायजे हुतं."

"बुजवायचं?"

"हां."

खरंच ऐकायला पाहिजे होतं असं मला वाटत होतं, पण तसं म्हटलं असतं तर तो तिथंच मोडला असता. म्हणून म्हणालो, "वाळू ओली हाय. उद्या कोबा घेता यायचा न्हाई."

"परवा घिऊ."

त्यानं वाळूची मूठ भरून दाबली, उघडली, ढेकूळ फुटतंय का बघितलं. मावळतीचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं. त्यानं पाठ फिरवली नाही, डोळे बारीक करून पश्चिमेचं टोक नीट दिसतंय का ते बघत राहिला.

"ह्यो कोपरा बसलेला न्हाई," तो म्हणाला. "धुमस घ्या." आणि दुसरा धुमस स्वतः उचलून वाळू चोपायला लागला.